उत्तर कुठल्या दाराने

१

आमच्या कॉम्प्युटर रूमला दोन दारं होती आणि त्यावरून दिवसातून एकदा तरी भांडण व्हायचंच.

कंपनी रंगांची, मुलुंडला, एलबीएस रोडवर. रस्त्याला लागून ऑफिसची नवी इमारत, मागे जुनी फॅक्टरी आणि दुसऱ्या मजल्यावर दोघींना जोडणारा एक बंदिस्त पूल. त्या पुलाच्या मधोमध आमची रूम. १९८८ साली कॉम्प्युटर रूम म्हणजे देवघरच. एसी चोवीस तास चालू, धुळीचा कण नको, चपला बाहेर काढायच्या. एक दार फॅक्टरीकडे, एक ऑफिसकडे, दोन्हींबाहेर चपलांचं एकेक रॅक. माणूस फॅक्टरीच्या दाराने आत यायचा, काम झालं की गप्पांच्या नादात ऑफिसच्या दाराने बाहेर पडायचा आणि अनवाणी उभा राहून ओरडायचा, "माझ्या चपला कुणी ढापल्या रे?"

माझं टेबल ऑफिसच्या दाराबाहेर होतं. दाराला काच होती, त्यातून सगळी रूम दिसायची. तशी ती होतीच केवढी! कॉम्प्युटर, प्रिंटर, टेपांचं कपाट, एक खुर्ची. या दारापासून त्या दारापर्यंत सात पावलं. मी चोवीस वर्षांची होते, बीएस्सीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि आख्ख्या कंपनीत या यंत्राचं काही कळणारी एकटीच. त्यामुळे माझा रुबाब विचारू नका.

यंत्राचीही रूमसारखीच गत. त्याला दोन कार्डं, दोन बाजूंना दोन केबली. एका केबलवर फॅक्टरीतले कॉम्प्युटर, दुसरीवर ऑफिसातले. दोन्ही जाळी अगदी वेगळी, एकमेकांशी बोलायचं नाही. ज्याला जे हवं ते त्याने या मधल्या यंत्राला विचारायचं. टेलिफोन बोर्डावर बसणाऱ्या कुंदाने त्याचं नाव 'मधली' ठेवलं होतं. थोरली आणि धाकटी यांच्यात सापडलेली मधली जाऊ, दोघींचं ऐकून घेणारी.

वैताग दिला तो भांडुपच्या गोडाऊनने. तिथला कॉम्प्युटर टेलिफोनच्या लाइनवरून फॅक्टरीच्या जाळ्याला जोडला होता. त्याचा प्रश्न आमच्याकडे व्यवस्थित पोचायचा, उत्तर मात्र त्याला कधीच मिळायचं नाही. तीन आठवडे आम्ही टेलिफोनवाल्यांना शिव्या घातल्या. मग एके दिवशी दत्ताराममामा माझ्या टेबलापाशी अनवाणी येऊन उभे राहिले.

"बाय, माझ्यो वाणो थय रवल्यो. मी हय कसो इलंय?"

दत्ताराम परब. आमचे शिपाई, पन्नाशीचे. परळच्या गिरणीत एकोणीस वर्षं मागावर काढली, संपानंतर फिरत फिरत आमच्याकडे आले. मागांच्या आवाजाने कान अर्धे गेलेले, त्यामुळे साधं 'चहा घे' म्हणाले तरी पुलाच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचं. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गोडाऊनचा प्रश्न फॅक्टरीच्या दाराने येत होता, पण उत्तर ऑफिसच्या दाराने बाहेर पडत होतं!

२

कारण साधं होतं. मधलीच्या पोटात एक तक्ता असायचा, कुठल्या पत्त्याचं उत्तर कुठल्या दाराने पाठवायचं याचा. फॅक्टरीचे पत्ते दहाने सुरू होत, ते एक नंबरच्या दाराने. ऑफिसचे विसाने, ते दोनच्या. आणि शेवटची ओळ अशी, की जो ओळखीचा नाही त्याचं उत्तर दोननेच, ऑफिसकडे टाकून द्यायचं. गोडाऊनचा पत्ता अकराने सुरू होता आणि त्याची ओळखच कुणी करून दिली नव्हती. मी एक ओळ लिहिली. अकरा, दार एक. दोन मिनिटांत भांडुपहून फोन, "मॅडम, आलं! उत्तर आलं!"

आमचे मॅनेजर, नाडकर्णी साहेब, यांनी पेढे वाटले. वर हुकूम सोडला, की यापुढे प्रत्येक उत्तराखाली जबाबदार व्यक्तीचं नाव जायला हवं. म्हणून मी आणखी एक ओळ चिकटवली. 'अडचण असल्यास क्षमा, कॉम्प्युटर रूम, यांना भेटावे.' कुंदा म्हणाली, "आता तुझी वाट लागली. आख्खं मुलुंड विचारत येणार, क्षमा कुठेय, क्षमा कुठेय."

त्याच आठवड्यात त्या चपला दिसल्या.

बायकी होत्या, तपकिरी, अंगठ्याच्या जागी झिजलेल्या. फॅक्टरीकडच्या रॅकपाशी खाली जमिनीवर होत्या. फॅक्टरीत बायका नव्हत्याच. दाराच्या समोर लॅबमध्ये बसणारा धोंडिराम म्हणाला, सकाळी आलो तेव्हापासून आहेत. रूममध्ये कोणीच नव्हतं.

"झकास," कुंदा म्हणाली. "चपला चोरणारे ऐकलेत, ठेवून जाणारा चोर पहिल्यांदाच बघतेय."

आम्ही हसलो. पण मला एक गोष्ट खटकली, आणि ती कुणाला सांगण्याइतकी मोठीही नव्हती. आत जाणारा माणूस चपला काढतो तेव्हा त्यांची तोंडं दाराकडे असतात. या चपलांची तोंडं फॅक्टरीकडे होती. जणू कोणी रूममधून चपला घालूनच बाहेर आलं, तिथे त्या उतरवल्या, आणि अनवाणी पुढे इमारतीत गेलं.

दुसऱ्या दिवशी चपला नव्हत्या. सफाईवाल्याने उचलल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

३

मधली दर तासाला एक यादी छापायची. कोणी विचारलं, कुठल्या दाराने प्रश्न आला, कुठल्या दाराने उत्तर गेलं. प्रिंटरचा तो खरखराट मला आवडायचा. मी चहा पिता पिता यादी चाळायचे.

त्यात पंधराने सुरू होणारा एक पत्ता दिसला.

पंधराचं आमच्याकडे काहीच नव्हतं. गोडाऊन अकरा, बस्स. मी धोंडिरामला विचारलं, नाडकर्णी साहेबांना विचारलं, केबल टाकणाऱ्या कंपनीला फोन केला. कोणी म्हणालं छपाईची चूक, कोणी म्हणालं शेजारच्या कंपनीची केबल चिकटली असेल. शेजारची कंपनी बिस्किटांची होती, त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता.

या पंधराचा प्रश्न एकच असायचा. यंत्रं एकमेकांना सर्वात साधा प्रश्न विचारतात तो, 'आहे का कोणी?' त्यावर मधली इमानदारीत 'आहे' म्हणायची, आणि ओळख नसल्यामुळे उत्तर ऑफिसच्या दाराने टाकून द्यायची. ते अर्थातच पोचत नव्हतं, म्हणून पंधरा पुन्हा विचारायचं. रोज दुपारी बारा दहाला सुरू, साडेबाराला बंद.

इथपर्यंत ठीक होतं. पण यादीत प्रश्न कुठल्या दाराने आला त्याचा एक रकाना होता. तिथे एक किंवा दोन छापलं जायचं, कारण कार्डं दोनच होती. पंधराच्या ओळीत तो रकाना कोरा होता.

"शाई संपली असेल," कुंदा म्हणाली.

"त्याच ओळीतली? तेवढीच?"

"मग तू सांग, यार. मी फोन जोडते, भुतं नाही."

ती मोठ्याने हसली, मीही हसले. तरीही दुपारी बारा दहाला मी मान वर करून काचेतून आत पाहिलं. यंत्र, प्रिंटर, कपाट, खुर्ची. काहीच नाही. फक्त खुर्ची थोडी फिरलेली होती, कोणीतरी नुकतंच उठून गेल्यावर असते तशी. एसीच्या वाऱ्याने फिरली असेल. एसीचा वारा तिच्यापर्यंत यायचा नाही, हे मला नंतर आठवलं.

४

शेवटी मी नाडकर्णी साहेबांना म्हटलं, "सर, अनोळखी पत्त्यांना उत्तर द्यायचंच कशाला? ती शेवटची ओळ काढून टाकते. तक्त्यात नाव नाही त्याला दार नाही."

"काढ की," ते म्हणाले. "स्वच्छ काम."

मंगळवारी दुपारी मी ती ओळ काढली. बुधवारच्या यादीत पंधराच्या पुढे उत्तराचाही रकाना कोरा आला. मला वाटलं, झालं, सुटलो. पण त्याचं विचारणं थांबलं नाही. आधी मिनिटाला एकदा असायचं, ते दहा सेकंदांवर आलं, मग सेकंदाला. साडेबाराला बंद होणारं ते एक वाजला, दोन वाजले तरी चालूच. प्रिंटर यादी छापता छापता तापला. कागदाच्या घड्या जमिनीवर पडत राहिल्या आणि प्रत्येक ओळ तीच. आहे का कोणी? आहे का कोणी? आहे का कोणी?

कुंदा यादी बघायला आली. या वेळी तिने विनोद केला नाही. "बंद कर ना ते," एवढंच म्हणाली.

५

गुरुवारी सकाळी अकराला दत्ताराममामा टेपांचा ट्रे घेऊन फॅक्टरीकडच्या दाराने आत शिरले. मी काचेतून पाहिलं. त्यांनी नेहमीसारखा मला हात केला, ट्रे कपाटावर ठेवला. तेवढ्यात फोन वाजला, मी खाली पाहिलं, 'हॅलो' म्हटलं, राँग नंबर होता, ठेवला. मान वर केली.

रूम रिकामी होती. ट्रे कपाटावर होता.

निघाले असतील. मी यादी चाळायला घेतली. दहा मिनिटांनी धोंडिरामचा फोन. "मॅडम, मामांना जरा लवकर सोडा, सॅम्पल न्यायचंय."

"ते गेले की तिकडून."

"कुठे? मी दारासमोर बसलोय. त्यांच्या वहाणा इथेच आहेत."

मला हसू आलं. म्हटलं, कपाटामागे बसून बिडी ओढत असणार. मी चपला काढल्या, आत गेले. कपाटामागे एक हातभर जागा, तिथे कोणी नाही. "मामा!" हाक मारली. एसीची घरघर, प्रिंटरचा खरखराट. मी फॅक्टरीच्या दाराकडे चालू लागले. का कोण जाणे, पावलं मोजत होते. पाच, सहा, सात. दार अजून समोर होतं. आठ. नऊ. दार समोरच होतं, हात लांब केला तर लागेल असं, आणि लागत नव्हतं.

मी वळले आणि आल्या दाराने बाहेर पळाले.

कुंदा बोर्ड सोडून धावत आली. "काय झालं गं? पांढरी पडलीस!"

"मामा आत आहेत."

तिने काचेतून पाहिलं. "आत कुठे आहेत?"

त्या क्षणी मला शहाण्यासारखं काहीच सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की दोन दिवस मी कोणाचं तरी दार बंद केलंय, आणि त्या बंद दाराच्या आत मामा आहेत. टेबलावरच्या टर्मिनलवर मी तक्ता उघडला. नवी ओळ. पत्ता, पंधरा. दार? एक लिहावं? दोन? प्रश्न दोन्हींतून आलाच नव्हता. तो जिथून आला तिथूनच उत्तर जायला हवं. मी तीन लिहिलं. तिसरं कार्ड यंत्रात नव्हतं. त्याने चूक दाखवायला हवी होती.

त्याने ओळ घेतली.

प्रिंटर थांबला. काल दुपारपासून पहिल्यांदा रूम शांत झाली. कुंदाने माझं मनगट घट्ट धरलं, कारण आम्ही दोघींनी ते एकाच वेळी पाहिलं.

काचेपलीकडे रूम लांब होती. कपाटाच्या पलीकडे, जिथे भिंत असते तिथे, आणखी रूम होती, तशीच पांढरी, तशाच ट्यूबलाइट, आणि तिच्या टोकाला एक दार. मामा ते दार उघडं धरून उभे होते, किंचित वाकून, घरी आलेल्या पाहुणीला निरोप देतात तसे. कोणीतरी त्यांच्यासमोरून पलीकडे जात होतं. पाठ दिसली, हिरवट साडीचा काठ दिसला. मग ती व्यक्ती थांबली आणि मान वळवू लागली. मामांनी हात पुढे केला आणि दार तिच्या तोंडावर लावून घेतलं.

ट्यूबलाइट लुकलुकल्या. भिंत भिंतीच्या जागी होती.

६

ते फॅक्टरीकडच्या दारानेच बाहेर आले. मी आणि कुंदा खालून वळसा घालून पळत तिकडे पोचलो, तेव्हा ते पायात वहाणा सरकवत होते आणि धोंडिराम त्यांच्यावर खेकसत होता.

"मामा, कुठे होता?"

"कित्याक? आत्ताच तर गेललंय. दोन मिन्टा झाली नसतील." घड्याळात पावणेबारा झाले होते. "एक बाई होती. वाट चुकलली. दाखवलंय."

सगळ्यांना हायसं वाटलं. धोंडिरामला तर यात काही घडलंय असं वाटलंच नाही. पण कुंदाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मामा हळू बोलत होते. मी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा, कान जवळ न्यावा लागेल इतकं हळू.

पंधरा नंबर त्यानंतर कधी छापून आला नाही. मी ती तीनची ओळ काढायला गेले तर ती तक्त्यात नव्हतीच. मामांचा आवाज आठवड्याभरात पूर्ववत झाला. भांडुपचा माल वेळेवर निघू लागला, नाडकर्णी साहेबांनी माझं नाव वर कळवलं, मला थेट बाहेरची लाइन मिळाली. दिवस मजेत चालले होते. दिवाळीच्या सुमारास एकदा मामा चहा घेऊन आले तेव्हा मी विचारलंच.

"त्या बाईने तुम्हाला काय विचारलं होतं हो?"

त्यांनी कप ठेवला. पुलावर कोणी नाही ना, ते बघितलं.

"आधी नुसतीच उभी होती. जा म्हटलंय तरी जायना. वाट गावत नाय म्हणी. मगे एकदम खूश झाली, कायतरी हातात गावल्यासारखी. आणि तुझां नाव घेतल्यान."

"माझं?"

"'क्षमा खय भेटतली?' म्हणान इचारल्यान. बाय, तिना ज्या तऱ्हेन इचारल्यान ना, ता माका बरां वाटूक नाय. तू चेडू लहान. लगीन व्हायचा आसा तुझा."

उत्तराखालची ओळ. मीच चिकटवलेली आणि मीच पाठवलेली.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलंय, क्षमा माझ्या घराक रवता." ते हसले, छान, मोकळं. "माझो पत्तो दिलंय."

"मामा! अहो, का?"

"मगे काय तुझो देव?" कप उचलून ते निघाले. जाता जाता म्हणाले, "जानकी बोलावता तुका. ये एकदा फराळाक."

७

मी गेले. न जाणं मला जमलंच नसतं. भाऊबीजेनंतरच्या रविवारी, भर दुपारी चारला, चकल्यांचा डबा घेऊन.

भांडुपला टेकडीच्या उतारावर त्यांची खोली. पुढे तुळस, दाराला झेंडूचं तोरण, आत टीव्हीवर क्रिकेट. मी स्वतःलाच म्हटलं, किती मूर्ख गं तू, काय काय कल्पना करून आलीस. इतकं उबदार घर मी फार कमी पाहिलंय. मामांच्या पत्नी जानकीकाकू पदराला हात पुसत पुढे आल्या, गोल चेहऱ्याच्या, कपाळभर कुंकू.

"ये गे रत्नप्रभा," त्या म्हणाल्या. "बस."

मला वाटलं, नावात गोंधळ झाला. मी सांगायला तोंड उघडलं. मामांनी माझा हात धरून दाबला. हसत होते, पण हात घट्ट होता.

"रत्नप्रभा आमच्या ऑफिसात टायपिस्ट आसा," ते नेहमीपेक्षाही मोठ्याने म्हणाले. एवढ्या लहान खोलीत तेवढ्या मोठ्याने बोलायची गरज नव्हती. "नवीनच लागलीसा. आणि ती दुसरी, क्षमा, ती गावाक गेलीसा. कधी येतली ठावक नाय. होय ना गे?"

"होय," मी म्हणाले. "क्षमा गावाला गेलीय."

जानकीकाकूंनी चहा गाळला. आम्ही तिघं होतो, त्यांनी चार कप भरले. चौथा स्वयंपाकघराच्या पडद्याआड ठेवून आल्या, सवयीने, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला देतात तसा. मग लाडू आले, करंज्या आल्या. काकूंनी लेकीच्या बाळंतपणाची गंमत सांगितली, मामांनी गिरणीतल्या नाटकात आपण द्रौपदी झालो होतो ते सांगितलं, साडीत अडकून पडल्याचं करूनही दाखवलं. मी पोट धरून हसले. खरंच हसले. तासभर मी रत्नप्रभा होते. मला दोन भाऊ होते, मी ठाण्याला राहत होते आणि टायपिंगचा माझा वेग चांगला होता. काकू विचारत गेल्या, मी सांगत गेले. त्या माझ्या प्रत्येक खोट्यावर समाधानाने मान डोलवत होत्या.

निघताना काकूंनी मला ओवाळलं, हातावर साखर ठेवली. दोघंही मला पोचवायला अंगणात आले. मामा माझ्या उजवीकडे होते, काकू डावीकडे. समोर उतार, खाली उन्हात चमकणारे पत्रे, कुठेतरी मुलांचा दंगा.

"सांभाळून जा, रत्नप्रभा," मामा म्हणाले.

"परत ये हां," काकू म्हणाल्या.

"ये हां परत, रत्नप्रभा," मागून, रिकाम्या खोलीतून, कोणीतरी प्रेमाने म्हणालं.